आयटीआयच्या रिकाम्या जागा: नाशिकमधली पार्श्वभूमी

दहावीचा निकाल लागला की नाशिकमध्ये घरोघरी एकच चर्चा असते: अकरावी सायन्स, डिप्लोमा की आयटीआय, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था? त्यातलं आयटीआयचं नाव बहुतेक घरांत सगळ्यात शेवटी निघतं, तेही मार्क कमी पडले तर. धोरणं मात्र साठ वर्षांपासून सांगत आहेत की दहावीनंतरची मोठ्या संख्येने मुलं व्यवसाय शिक्षणाकडे वळायला हवीत. दरवर्षी प्रवेश वाढवायच्या मोहिमा निघतात, शाळांमध्ये मार्गदर्शन शिबिरं होतात. तरी फिटर आणि इलेक्ट्रिशियनच्या जागांसाठी रांग लागते आणि इतर काही ट्रेडच्या, म्हणजे तिथल्या व्यवसाय-अभ्यासक्रमांच्या, जागा रिकाम्या राहतात. पोरं आणि पालक काय बघून प्रवेश घेतात, याचं उत्तर नाशिकच्या औद्योगिक इतिहासात बऱ्यापैकी सापडतं.

नाशिकला हातकामाची परंपरा जुनी आहे. तांबट लेन आणि भांडी बाजार ही नावंच त्याची साक्ष देतात. पण ते शिक्षण बापाकडून मुलाकडे जायचं, जातीच्या आत राहायचं. हातात हातोडी घेणं म्हणजे अमुक एका समाजाचं काम, ही समजूत तिथूनच घट्ट झाली आणि आजही ती दहावीच्या मार्कांआडून बोलते. हे उघडपणे मान्य केल्याशिवाय प्रवेशाची चर्चा अर्धवट राहते, असं मला वाटतं.

१९२५ मध्ये नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि शहराने सरकारी कारखान्यातली पगारी, पेन्शनची नोकरी पाहिली. पुढे दुसऱ्या महायुद्धासाठी तंत्रज्ञ कमी पडले म्हणून ब्रिटिश सरकारने १९४० मध्ये तांत्रिक प्रशिक्षणाची योजना आणली. स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये केंद्राने शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि तिच्यातूनच देशभर आयटीआयचं जाळं विणलं गेलं. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारी कायदा आला. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली. १९६४ पासून ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीत मिग विमानांच्या कामाची उभारणी सुरू झाली. नंतर सातपूर आणि अंबडच्या वसाहती भरत गेल्या. वाहनांचे सुटे भाग, स्विचगिअर, इलेक्ट्रिकल पॅनल अशा कामांनी हे शहर ओळखलं जाऊ लागलं.

आयटीआयसाठी तो काळ भरभराटीचा होता. निफाड-सिन्नरचा शेतकऱ्याचा मुलगा दोन वर्षं फिटर करायचा, एक वर्ष अप्रेंटिसशिप करायचा आणि कंपनीत लागायचा. पर्मनंट झाला की सिडकोत घर, भावाचं शिक्षण, बहिणीचं लग्न, सगळं त्या एका पगारावर निघायचं. गावातल्या पुढच्या चार मुलांना तोच दिसायचा. त्या वेळी प्रवेश वाढवायला वेगळी जाहिरात करावी लागत नव्हती.

ते प्रशिक्षण किती कसाचं असतं, हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. फिटरच्या पोराला सुरुवातीला लोखंडाचा एक चौकोनी तुकडा व्हाइसमध्ये धरून कानस मारायला लावतात. कानस हलली की कडा गोल होते, मग ट्रायस्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, लावून उजेडाकडे धरला की फट दिसते. फट दिसली की परत घासायचं. व्हर्निअरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंत माप वाचायला शिकायचं. पुढे दोन तुकडे एकमेकांत बसवायचा जॉब येतो, तो पहिल्या झटक्यात कुणालाच जमत नाही. ही शिस्त अंगात मुरायला महिने जातात. तिला ‘कमी मार्कवाल्यांचं शिक्षण’ म्हणणं अन्याय आहे.

मग ओघ का आटला? एक कारण शिक्षणाच्या रचनेत आहे. १९७५ पासून महाराष्ट्रात दहावी अधिक दोन वर्षं अशी पद्धत आली आणि ज्युनिअर कॉलेजं सुरू झाली. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि पुढच्याच वर्षी नाशिकमध्ये के. के. वाघ इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं. कालपर्यंत आवाक्याबाहेर असलेली ‘इंजिनिअर’ ही पदवी बागायतदाराच्या, कारखान्यातल्या कामगाराच्या घरात शक्य वाटू लागली. आयटीआय करून कंपनीत लागलेल्या बापानेच मुलाला सायन्सला घातलं, आणि त्यात त्याचं काहीही चुकलं नाही.

धोरणाचे आकडे मात्र मोठेच राहिले. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सुचवलं होतं की वीस वर्षांत उच्च माध्यमिक स्तरावरची निम्मी मुलं व्यवसाय शिक्षणात असावीत. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने तेच लक्ष्य खाली आणून १९९० पर्यंत १० टक्के आणि १९९५ पर्यंत २५ टक्के केलं. त्या जोरावर १९८८ च्या सुमारास राज्यात एमसीव्हीसी, म्हणजे किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम, आले. लक्ष्य गाठलं गेलं नाही.

इथे एक तुलना फार बोलकी आहे. बारावीला एमसीव्हीसी आणि बायफोकल हे दोन्ही व्यवसायाचेच विषय. एमसीव्हीसीतून इंजिनिअरिंग-मेडिकलची दारं उघडत नव्हती, म्हणून तिथे नाइलाजाने जाणारे जास्त. बायफोकलमध्ये सायन्सच्या मुलाला इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेता यायचं आणि इंजिनिअरिंगची वाटही मोकळी राहायची, म्हणून त्यासाठी चढाओढ. व्यवसाय शिक्षणाचा तिटकारा असता तर बायफोकललाही कुणी फिरकलं नसतं. घरच्यांना भीती असते ती पुढचं शिक्षण खुंटण्याची.

दुसरं कारण नोकरीचं. १९९१ नंतर उद्योगांची भाषा बदलली. कंत्राटी कामगार, ट्रेनी, ठरावीक महिन्यांनी नोकरीत ब्रेक, हे शब्द अंबडच्या गेटवर रुळले. पर्मनंटची आशा गेली तशी आयटीआयची ओढही गेली. मुलाने कष्ट करून ट्रेड पूर्ण केला आणि त्याला बिगरशिक्षित हेल्परच्या आसपास पगार मिळाला, तर त्याच्या गावातून पुढच्या वर्षी कोण येणार? उद्योजक कुशल माणूस मिळत नाही म्हणून तक्रार करतात, ती खरीही आहे, पण या प्रश्नाचं उत्तर त्यांनीच द्यायचं आहे.

काही दारं आता उघडली आहेत. आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दोन वर्षांच्या ट्रेडला भाषा विषय पास झाल्यावर बारावीची समकक्षता मिळते. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. शाळेतल्या शिबिरात हे शांतपणे, आकृती काढून सांगितलं जातं का, हे मात्र शाळेवर अवलंबून. २०२० च्या धोरणाने सहावीपासून व्यवसायाची ओळख आणि २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव, असं लक्ष्य ठेवलं. कोठारींचा तोच निम्मा आकडा पुन्हा आला.

पैशाचं बघायचं तर, आयटीआयच्या गरजू प्रशिक्षणार्थीला राज्यात महिन्याला ४० रुपये विद्यावेतन मिळत होतं. तो दर १९८३ पासूनचा. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो ५०० रुपये केला. सुरगाणा, पेठ, कळवणच्या आदिवासी पाड्यांतून नाशिकला येणाऱ्या मुलाचं त्यात महिन्याचं जेवणही भागत नाही. त्याला मेरिट लिस्टमध्ये नाव लागूनही वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर तो घाट उतरून परत जातो किंवा द्राक्षाच्या हंगामात निफाडला मजुरीला लागतो. प्रवेश वाढवायचे असतील तर जिल्ह्यातला पहिला पैसा या वसतिगृहांवर खर्च व्हायला हवा.