पुण्याचे उत्सव: वाड्यातून वर्गणीकडे

पुण्यात वर्षभर काही ना काही चालूच असतं. १ जानेवारीला शहराजवळच्या कोरेगाव भीमाच्या जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात. फेब्रुवारीत शिवजयंती, एप्रिलमध्ये महात्मा फुले आणि बाबासाहेबांच्या जयंत्या, ज्येष्ठ वद्यात पालख्यांचा मुक्काम, भाद्रपदात गणपती, डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सव. हे सगळं परंपरेनं चालत आलंय, असं आपण सहज म्हणून जातो. पण यातल्या बहुतेक उत्सवांना जन्मसाल आहे, आणि प्रत्येकामागे कुणीतरी पुढे होऊन पैसे उभे केलेले आहेत.

पेशवाईत हा खर्च सरकारचा होता. शनिवारवाड्यातल्या गणेश महालात भाद्रपदातला गणपती थाटात बसे. त्याहून मोठा सोहळा श्रावणातल्या दक्षिणेचा. ही प्रथा तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केली आणि पुढे ती पेशव्यांकडे आली. दूरदूरचे ब्राह्मण पर्वतीच्या रमण्यात, म्हणजे दक्षिणा वाटायच्या आवारात, जमत आणि सरकारी तिजोरीतून दक्षिणा घेऊन परतत. शहरातल्या बाकीच्या जातींना मात्र त्यात जागा नव्हती.

नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं, आणि पुढच्या वर्षी दुसरा बाजीराव ब्रह्मावर्ताला (बिठूरला) गेला. दरबारच उरला नाही, तिथं दरबारी उत्सव कुठून उरणार? इंग्रज कमिशनर एल्फिन्स्टननं दक्षिणा एकदम बंद केली नाही, पण तिच्यातला काही पैसा शिक्षणाकडे वळवला. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्याबरोबरच्या सुधारकांनी अर्ज केला की हा निधी मराठी ग्रंथरचनेला द्यावा. सनातन्यांनी मोठा गहजब केला, तरी पुढे ग्रंथांना बक्षिसं देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी आली. सोहळ्याचा पैसा असा पुस्तकांना लागला, आणि मला तरी शहराच्या इतिहासातला हा फार मोलाचा निर्णय वाटतो.

वारीचा मार्ग वेगळा. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानोबांच्या पालखीला आजची शिस्त दिली आणि अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे दिले. आजही दोन्ही पालख्या निवडुंग्या विठोबा आणि पालखी विठोबा इथं मुक्काम करतात, आणि त्या दोन दिवसांत पेठांमधली घरं वारकऱ्यांच्या जेवणाची सोय करतात.

गणेशोत्सव सार्वजनिक कसा झाला, यावर पुण्यात अजून वाद होतो. पहिलं वर्ष १८९२ की १८९३, आणि मान भाऊसाहेब रंगारींचा की टिळकांचा, यावरून २०१७ साली महापालिकेनं गणेशोत्सवाचा शतकोत्तर रौप्यमहोत्सव साजरा केला त्या वेळी बरीच खडाजंगी झाली. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. सुरुवात रंगारी, खासगीवाले, घोटवडेकर यांच्यासारख्या पेठांतल्या माणसांनी केली. खासगीवाल्यांनी ग्वाल्हेरचा दरबारी उत्सव पाहिला होता. टिळकांनी ‘केसरी’तून त्याला बळ दिलं आणि १८९४ पासून तो गावोगाव पसरला. गुरुजी तालीम मंडळ तर आपली स्थापना १८८७ ची, हिंदू आणि मुसलमान मित्रांनी मिळून केलेली सांगतं.

या इतिहासाची एक बाजू बहुतेक कार्यक्रमांत गाळली जाते. सार्वजनिक गणेशोत्सवाआधी पुण्यातले हिंदू मोहरममध्ये मनापासून सामील होत, ताबूत बसवत, वर्गणी देत. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली. त्यानंतर पुढच्या मोहरमवर बहिष्कार घालण्याचं आवाहन झालं, आणि गणपतीच्या मेळ्यांनी, म्हणजे पदं म्हणत फिरणाऱ्या पथकांनी, ताबुतांच्या टोळ्यांचीच बरीचशी धाटणी उचलली. मेळ्यांची पदं आधी मोहरमवर आणि मग सरकारवर टीका करू लागली. १९१० च्या सुमारास सरकारनं त्यांवर कडक निर्बंध घातले. उत्सवानं लोक एकत्र आणले हे खरंच, पण एक जुना शेजार त्याच वेळी तुटला, हेही तितकंच खरं आणि सांगायलाच हवं.

शिवजयंतीच्या मुळाशी जोतीराव आहेत. त्यांनी १८६९ मध्ये शिवरायांवर पोवाडा लिहिला. समाधीच्या जीर्णोद्धारासाठी टिळकांनी १८९५ पासून ‘केसरी’तून निधी मागितला आणि एप्रिल १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला. जून १८९७ मध्ये, प्लेगच्या वर्षी, पुण्यात राज्याभिषेकाचा उत्सव झाला. त्याचा वृत्तांत आणि शिवरायांच्या तोंडची कविता १५ जूनच्या ‘केसरी’त आली. २२ जूनला, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, चापेकरांनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली. उत्सवातल्या भाषणांचा आणि कवितेचा संबंध त्या खुनाशी जोडला गेला आणि टिळकांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली.

बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावला गेले, तेव्हापासून तो स्तंभ दलित चळवळीच्या स्मरणात पक्का झाला. दुसऱ्याच वर्षी, १९२८ साली, पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांच्या पुढाकारानं पहिली सार्वजनिक आंबेडकर जयंती झाली. ज्यांना रमण्यात जागा नव्हती त्यांनी रस्त्यावर स्वतःचा उत्सव उभा केला. मंडळ, वर्गणी, मिरवणूक ही तीच साधनं त्यांनी वापरली, पण त्यांतून मागणं केलं ते समतेचं.

गाण्याचा उत्सव त्या मानानं नवा. भीमसेन जोशींचे गुरू, गायक सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि १९५३ पासून जोशी व गुरुबंधूंनी पुण्यतिथीची बैठक सुरू केली. ती वाढत महोत्सव झाली. पूर्वी मैफली पहाटेपर्यंत चालत. ध्वनिप्रदूषणाचे नियम आल्यावर रात्री दहाची मर्यादा पडली आणि उत्तररात्रीचे राग ऐकायची संधी गेली.

जुलै २०२५ मध्ये सरकारनं गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. दोन शतकांनी सरकार पुन्हा यजमानाच्या जागी येऊ पाहतंय. मंडळाच्या पोरांनी दारोदार पावतीपुस्तक घेऊन जमवलेल्या पैशाचा देखावा कशावर असावा, हे आजवर पेठेनं ठरवलं. माझ्या मते तो अधिकार पेठेकडेच राहायला हवा.