वारीच्या शिबिरात आधी पाय बघा, मग चोळा

आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे २५० किलोमीटरची. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढला की पोटऱ्या बोलू लागतात. पालखी मार्गावरच्या फिजिओथेरपी शिबिरात मागणी एकच असते: "माउली, पाय तेवढे चोळून द्या." ओपीडीतला रुग्ण एक्स-रे आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येतो, निदान बहुधा झालेलं असतं. इथे हातात काहीच नसतं. त्यामुळे कोणाचा पाय चोळायचा नाही, हे शिबिरात सेवा देणाऱ्या फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला आधी ठरवावं लागतं.

दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत उघडे करून शेजारी-शेजारी बघायचे. दोन्ही घोटे सारखेच सुजले असतील तर बहुधा चालण्याचा परिणाम. तरी धाप लागते का, हे विचारायचंच. सूज एकाच पोटरीला असेल तर मापाची टेप घ्यायची. गुडघ्याखाली नडगीवर जो उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्हीकडचा घेर मोजायचा. फरक ३ सेंटिमीटरहून जास्त, पोटरी गरम, दाबल्यावर दुखते, तर खोल शिरेत गुठळी असल्याची शंका घ्यायची. चोळल्यावर ती सुटून फुप्फुसात अडकू शकते. असा माणूस थेट डॉक्टरांकडे.

मधुमेह असेल तर १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे पायाला स्पर्श कळतो का हे तपासायचा, ठरावीक दाबाला वाकणारा नायलॉनचा दोरा. डोळे मिटायला सांगून तो तळव्यावर टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा, एक-दोन सेकंदांत उचलायचा. घट्ट्यावर टेकवायचा नाही. घोटाळा होतो तो प्रश्नात. "आता कळतंय ना?" म्हटलं की आजोबा भिडेखातर "हो" म्हणतात. "लागेल तेव्हा सांगा" म्हणून गप्प बसायचं. दुसरी अडचण दोऱ्याचीच. एका बैठकीत दहाएक जण तपासल्यावर तो मऊ पडतो, कमी दाबात वाकतो आणि चांगला पायही बधिर ठरतो. त्याला २४ तास विश्रांती लागते, म्हणजे रांग मोठी असेल तर एकाहून जास्त दोरे लागतात. पाय खरंच बधिर निघाला तर शेक नाही, गरम पाण्याची बादलीही नाही; भाजलं तरी त्याला कळणार नाही.

एवढं झाल्यावर उरतो तो साधा पेटका. गुडघा सरळ ठेवून चवडा नडगीकडे ३० सेकंद ओढून धरायचा, दोन-तीन वेळा. मग तोच ताण गुडघा किंचित वाकवून, कारण पोटरीचा खोलवरचा स्नायू तेव्हाच नीट ताणला जातो. घाईत विद्यार्थी हा दुसरा भाग हमखास विसरतात. चोळताना अंगठ्याने दाबत बसणाऱ्यांचे अंगठे दुपारीच जातात. तळहाताची टाच वापरावी.

सल्लाही वाटेवर जमणारा हवा. "दोन दिवस आराम करा" हे वारकऱ्याला सांगणं फुकट आहे. दिंडीच्या ट्रकला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून मागचा पाय ताणायला शिकवलं तर तो ते मुक्कामावर करतो. दुसऱ्या दिवशी तो पुढच्या गावी असेल, पुन्हा भेटणार नाही. म्हणून ते त्याच्याकडून एकदा करून घ्यायचं.

शिबिराच्या फलकावर लाभार्थींचा आकडा मोठा लिहितात. शिक्षकांनी रात्री वहीतली दुसरी यादी उघडावी: किती जणांना न चोळता पुढे पाठवलं आणि कशावरून.