डिंक लाडवाचा की सरबताचा?

दिवाळीचा फराळ संपतो, पहाटे गोधडी सोडवत नाही आणि वाणसामानाच्या यादीत बाजरी, तीळ, गूळ, खारीक, सुकं खोबरं, अळीव चढू लागतात. शेवटी असतो पाव किलो डिंक. बाकीचं सगळं नजरेनं ओळखू येतं, फसगत होते ती डिंकात.

मागच्या मार्गशीर्षात मी घाईत ‘गोंद’ लिहिलेलं पाकीट उचललं. तूप तापवून खडे सोडले, तर ते फुलेचनात. खडीसारखे टणक राहिले. पाकिटात कतिरा होता. दोन्ही झाडाझुडपांतून पाझरणारे, दोन्हींना लोक डिंकच म्हणतात, आणि दुकानात ते शेजारी-शेजारी ठेवलेले असतात. गुण मात्र अगदी वेगळे.

लाडवाचा डिंक बाभळीचा किंवा धावड्याचा. खडे गोलसर, मधाच्या रंगाचे, उजेडात धरले तर काचेसारखे. तापल्या तुपात खड्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि खडा लाहीसारखा फुलतो. सगळी मेख या तळण्यात आहे. मोठे खडे आधी फोडून हरभऱ्याएवढे करावेत, आच मध्यम ठेवावी आणि एका वेळी चमचाभरच टाकावेत. तूप कडकडीत असलं की खडा वरून फुलतो पण आत कच्चा राहतो, आणि मग लाडू दाताला चिकटतो. नीट फुललेला खडा बोटांत दाबला की त्याचा चुरा झाला पाहिजे. मी निम्मा डिंक चुरते, निम्मा तसाच ठेवते. लाडू खाताना मध्येच तो कुरकुरीत दाणा लागला नाही, तर मला चुकल्यासारखं वाटतं.

कतिरा पांढरट, धुरकट, चपट्या पापुद्र्यांसारखा किंवा वेड्यावाकड्या तुकड्यांचा. अस्सल कतिरा इराणकडच्या काटेरी झुडपांचा. आपल्या डोंगरातल्या पांढऱ्या खोडाच्या कांडोळाचा डिंकही त्याच नावानं विकतात. त्याला तूप नको, पाणी हवं. चमचाभर कतिरा रात्रभर भिजला की सकाळी भांडंभर लिबलिबीत गोळा होतो. तो उन्हाळ्यात सरबतात, फालुद्यात घालायचा. कोरडा मात्र कधीच खाऊ नये, घशात फुगला तर अडकतो.

घरातल्या डब्यावर नाव नसेल तर एक खडा वाटीभर पाण्यात टाकून ठेवा. बाभळीचा असेल तर विरघळून चिकट पाणी होईल, कतिरा असेल तर फुगून जेलीसारखा दिसेल.

डिंक उष्ण, कतिरा थंड असं आपल्याकडे मानतात. पण डिंक म्हणजे मुख्यतः तंतुमय पदार्थ. थंडीत लाडवानं जी ताकद येते, ती तूप, गूळ, खोबरं आणि खारकेची. त्यामुळे डिंक दुप्पट घालून लाडू दुप्पट पौष्टिक होत नाही, फक्त तूप जास्त पितो. बाळंतिणीसाठी लाडू करतानाही हे ध्यानात असू द्यावं.

यंदा यादीत मी ‘धावड्याचा डिंक, तळायचा’ असं स्पष्ट लिहिलं आहे. मागच्या पाकिटातला उरलेला कतिरा मी टाकला नाही. चैत्रात कोकम सरबतात घातला, आणि मुलांनी पुन्हा मागून घेतला.