इंटरनेट असलं की संगणकावरून फॅक्स जातो?

‘विंडोज फॅक्स अँड स्कॅन’ संगणकात आहे आणि ब्रॉडबँडही आहे, म्हणजे फॅक्स जाणारच, हा समज चुकीचा आहे. हा प्रोग्रॅम इंटरनेटवरून फॅक्स पाठवतच नाही. त्याला फॅक्स मोडेम लागतो आणि त्या मोडेमला टेलिफोनची लाइन. ब्रॉडबँडचा राउटर हे काम करत नाही. नव्या लॅपटॉपमध्ये असा मोडेम सहसा नसतो. यूएसबीचा घ्यावा लागतो.

खरी अडचण पुढे येते. फायबरच्या डब्यातून येणारा फोन इंटरनेटवर चालतो. तिथे आवाज बरेचदा दाबून, म्हणजे कमी डेटात बसवून, पाठवला जातो. बोलणं समजतं, पण फॅक्सचे सूर बिघडतात आणि पान अर्ध्यात तुटतं. अशा लाइनवर मोडेमचा वेग सेकंदाला 14,400 बिटांवरून 9,600 वर आणून पाहा, बरेचदा निभावतं. सेवा देणाऱ्याकडे ‘टी.38’ची (इंटरनेटवरच्या फोनमधून फॅक्स नीट पोहोचवण्याच्या पद्धतीची) सोय असेल तर ती मागून घ्याच.

फॅक्स घ्यायचा असेल तर ‘फॅक्स सेटिंग्ज’मध्ये कॉल घेण्याची परवानगी द्या आणि किती रिंगनंतर उचलायचं ते ठरवा. संगणक झोपेत गेला, तर फॅक्स हुकण्याची शक्यता मोठी. म्हणून स्लीप बंदच ठेवा.

मोडेम नकोच असेल, तर ऑनलाइन फॅक्स सेवा हा वेगळा मार्ग आहे: तिथे फोनची लाइन त्यांची असते.