छपरावर ऊन, पोटात थंडी

गोदामाचं छप्पर म्हणजे सौर पॅनेलं बसवणाऱ्याला आयतं मैदान. लांबरुंद, मोकळं, सावली टाकणारं आजूबाजूला फारसं काही नाही. ५,००० चौरस मीटर पत्रा असला, तर धुण्यापुसण्याच्या वाटा सोडूनही साधारण ५०० किलोवॉटची पॅनेलं मावतात. पण खाली नुसती खोकी रचलेली असतील, तर एवढी वीज खाणार कोण? एलईडी दिव्यांना चौरस मीटरमागे ५ वॉट धरले, तरी हिशेब २५ किलोवॉटवर थांबतो. उरलेली वीज ग्रिडला देता येते. मात्र विकलेल्या युनिटला बऱ्याचदा विकत घेतलेल्या युनिटपेक्षा कमी भाव मिळतो. तेव्हा खरी बचत ऊन असतानाच वीज वापरण्यात आहे. रात्री चार्जिंगला लागणारे फोर्कलिफ्ट दुपारच्या सुट्टीत लावणं, ही त्याची सोपी सुरुवात.

शीतगृहात मात्र हा खेळ खरा रंगतो, कारण तिथे मालच बॅटरीचं काम करतो. १,००० टन गोठवलेला माल उणे १८ अंशांवरून उणे २१ पर्यंत न्यायचा, तर त्यातून सुमारे १,६०० युनिट (किलोवॉट-तास) उष्णता बाहेर काढावी लागते. कॉम्प्रेसर एका युनिट विजेत दोन युनिट उष्णता उपसतो असं धरलं, तर ८०० युनिट वीज लागेल. ती दुपारी उन्हातून घ्यायची. मग संध्याकाळी कॉम्प्रेसर बंद ठेवला, तरी माल सावकाश तापत उणे १८ कडे येतो. यात एक फसगत होते. भिंतीवरचा तापमापक हवेचं तापमान सांगतो. खोक्याच्या पोटातला माल कितीतरी मागे असतो. म्हणून थंडी मुरवायला सकाळपासूनच लागावं लागतं.

पॅनेलांच्या सावलीमुळे पत्रा कमी तापतो, हा वरचा फायदा. पॅनेलं स्वतः मात्र तापतात. त्यांची क्षमता २५ अंशांना मोजलेली असते. पुढे प्रत्येक अंशामागे साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटतं. काच ६० अंशांवर गेली, की १२ टक्के गेलेच. म्हणून पत्रा आणि पॅनेल यांच्यात वारा खेळायला फट हवी. आणि स्क्रूसाठी पाडलेल्या प्रत्येक भोकातून पुढे पाणी गळू शकतं, हेही ध्यानात ठेवावं. उभ्या शिवणीचा, म्हणजे पट्ट्यांच्या कडा वर उचलून एकमेकींत दुमडलेला पत्रा असेल, तर भोक न पाडता शिवणीलाच पकडणारे क्लॅम्प मिळतात. ते महाग पडले तरी मी तेच निवडेन.

वीजबिलातला एक आकार, म्हणजे शुल्क, युनिटांवर नसतो. महिन्यातल्या एखाद्या १५ किंवा ३० मिनिटांत सर्वाधिक किती वीज ओढली, त्यावर तो ठरतो. नेमका तेव्हा ढग आला आणि सगळे कॉम्प्रेसर एकदम सुरू असले, तर महिनाभराच्या उन्हाचा त्या आकाराला काही उपयोग नाही. अशा वेळी साधा कंट्रोलरही पुरतो: ढग आला की दोन कॉम्प्रेसर थांबवायचे, ऊन परतलं की एकेक करून सुरू करायचे. मधल्या वेळात माल थंडच असतो.