सौर भंगार-यंत्रमानव

टाकाऊ विद्युत उपकरणांतून काढलेल्या सुट्या भागांपासून छंद म्हणून बनवलेले, बॅटरी व संगणकीय आज्ञावलीशिवाय केवळ उन्हावर चालणारे छोटे यंत्रमानव. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात मार्क टिल्डन यांनी १९८९ च्या सुमारास या पद्धतीचा पाया घातला. जीवशास्त्र, इलेक्ट्रॉनिकी, सौंदर्यदृष्टी व यांत्रिकी या विषयांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘बीम’ म्हणून ओळखली जाते.

या यंत्राचा गाभा म्हणजे सौर इंजिन. छोट्याशा सौरपट्टीचा प्रवाह मोटार फिरवण्यास पुरत नाही. म्हणून तो आधी कपॅसिटरमध्ये साठवतात आणि विद्युतदाब सुमारे २.७ व्होल्टपर्यंत चढला, की आपोआप लुकलुकणाऱ्या एलईडीतून प्रवाह वाहू लागून पीएनपी व एनपीएन या प्रकारांचे दोन ट्रान्झिस्टर (प्रवाह चालू-बंद करणारे भाग) एकमेकांना चालू ठेवतात, साठा एका दमात मोटारीत रिकामा होतो आणि यंत्र झटका घेऊन पुन्हा थांबते. ४,७०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये या दाबाला जेमतेम १७ मिलीजूल ऊर्जा मावते. एवढ्याशा शिदोरीवर काही सेंटिमीटर सरकणारे यंत्र बनवणे, हेच या छंदातील खरे कौशल्य होय.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी मुलांना यासाठी वेगळे सामान मागवावे लागत नाही. बंद पडलेल्या सीडी प्लेअरमधील हलकी मोटार, जुन्या रेडिओतील कपॅसिटर आणि बागेतील सौरदिव्याची पट्टी भंगारात किंवा दुरुस्तीच्या दुकानात मिळू शकते. सौरदिव्याची एकच पट्टी बहुधा २ व्होल्टच्या आसपास देते. त्यामुळे दोन पट्ट्या एकसरीत जोडाव्या लागतात. जुन्या कॅमेऱ्याचा फ्लॅश मात्र मुलांनी उघडूच नये, कारण त्यातील कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टचा भार बराच काळ टिकून राहतो.

सर्वांत सोप्या प्रकारात मोटार उभी ठेवून तिचा दांडा जमिनीला टेकवतात व भोवती समान अंतरावर भाग बसवतात. यंत्र एका बाजूला कलते, प्रत्येक झटक्यासरशी गिरकी घेते आणि अडथळ्यावर आपटले की दिशा बदलते. दोन मोटारी व दोन प्रकाशसंवेदक असलेला पुढचा प्रकार उजेडाकडे वळतो.

याच बेळगाव जिल्ह्यात अथणीकडे कोरडे ऊन असते, तर सह्याद्रीलगतच्या जांबोटी-कणकुंबी परिसरात पावसाळाभर आभाळ भरलेले असते. ढगाळ हवेत पट्टीचा दाब फारसा घटत नाही, पण प्रवाह कित्येक पटींनी कमी होतो. तो कपॅसिटरच्या गळतीइतकाच उरला, तर दाब २.७ व्होल्टपर्यंत कधीच चढत नाही आणि यंत्र दिवसभर जागचे हलत नाही. अशा ठिकाणी मोठा कपॅसिटर लावण्याचा मोह टाळावा आणि पट्टीच मोठी घ्यावी.