शिशाच्या राक्षसाला व्हिनेगरची बाधा

खोकं उघडल्यावर पहिल्यांदा दिसला तो ट्रोल, म्हणजे खेळातला धातूचा छोटा राक्षस. डाव्या पायाला गुडघ्यापर्यंत पांढरी भुकटी, जणू पिठाच्या डब्यात पाय घालून आला होता. शेजारचा बुटका कुऱ्हाडवाला मात्र ठणठणीत. कुणा शाळकरी पोराने फासलेला भडक लाल रंग सोडला, तर त्याचं काहीच बिघडलं नव्हतं. दोघांचं वय सारखंच, चाळिशीच्या आसपास. बुटांचं खोकं तेच, गुंडाळलेला कागदही तोच. मग बाधा एकालाच कशी?

ही सगळी सेना इंग्लंडातल्या मित्राने मला दिली. टेबलावर खेळायचा एक नवा युद्धखेळ आम्ही दोघं बसवतोय. प्रत्येकाकडे दहाच योद्धे, नियम दोन पानांत. त्यासाठी नव्या प्लॅस्टिकच्या सेना विकत घेण्यापेक्षा या जुन्याच उभ्या कराव्यात असं ठरलं. त्या निघाल्या नॉटिंगहॅमच्या आसपासच्या. या मिनिएचर, म्हणजे धातूच्या छोट्या मूर्ती, ओतणाऱ्यांची तिथे इतकी दाटी आहे की शौकीन त्या भागाला 'लेड बेल्ट', म्हणजे शिशाचा पट्टाच म्हणतात. जवळच्या न्यूअर्कमध्ये १९७९ साली सिटाडेल मिनिएचर्स ही अशीच कंपनी सुरू झाली आणि १९८३ मध्ये 'वॉरहॅमर' हा खेळ आला. ऑर्क नावाचे कुरूप लढवय्ये, बुटके, ट्रोल असे घाऊक भावाने ओतले जाऊ लागले ते तेव्हापासून.

ओतायची रीत मोठी गमतीची. रबराचा चकतीसारखा साचा गरगर फिरवायचा आणि मधल्या भोकातून वितळलेला धातू सोडायचा. फिरण्याच्या जोराने तो बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि राक्षसाच्या नखांपर्यंत पोचतो. यासाठी धातू लवकर वितळणारा हवा, नाहीतर रबरच जळायचं. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, कथील २३२ ला. पण सुमारे ६२ टक्के कथील आणि बाकी शिसं असं मिश्रण केलं तर ते १८३ अंशांनाच पातळ होतं, दोघांपेक्षाही लवकर! रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा डाख याच जातीचा. पितळी भांड्यांना कल्हई करतात ती नुसत्या कथलाची. आणि कथील शिशापेक्षा कितीतरी महाग, त्यामुळे स्वस्तात ओतायचं तर शिसं वाढवायचं. ट्रोल आणि बुटका यांच्यातला फरक इथेच पडला असावा, असा माझा कयास आहे.

शिसं तसं सोशिक. हवेत ठेवलं की त्यावर करडा पातळ थर बसतो आणि तोच आतल्या धातूला राखतो. हा थर फोडणारा शत्रू म्हणजे अ‍ॅसेटिक आम्ल, आपल्या व्हिनेगरमधलं. त्याची नुसती वाफ लागली तरी शिशाचं अ‍ॅसिटेट तयार होतं. मग हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि दमटपणा त्या अ‍ॅसिटेटचं पांढऱ्या कार्बोनेटमध्ये रूपांतर करतात. या फेरीत आम्ल खर्च होत नाही, ते पुन्हा मोकळं सुटतं आणि शेजारच्या शिशाला धरतं. चक्रवाढ व्याजाने कर्ज फिटत नाही, तसंच हे. थोडीशी वाफ पिढीभर पुरते. शिवाय कार्बोनेट मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतं, म्हणून रंगाखालून फोड येतात आणि ते फुटून भुकटी सांडते.

ही भुकटी म्हणजे चक्क सफेदा. जुन्या चित्रकारांचा पांढरा रंग. हॉलंडमध्ये तो मुद्दाम असाच बनवत: मडक्यात व्हिनेगर, त्यावर शिशाच्या गुंडाळ्या आणि भोवती घोड्याची लीद. लीद कुजताना ऊब आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही देते. काही महिन्यांनी गुंडाळ्या खरवडायच्या. आमच्या खोक्यात लीद नव्हती, पण बाकी कारखाना तोच होता.

व्हिनेगर आलं कुठून? लाकडातून. ओक झाडाचं लाकूड या बाबतीत बदनाम आहे. त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल वर्षानुवर्षं झिरपत राहतं. भुशाच्या दाबीव फळ्या आणि हलका पुठ्ठाही तसेच. म्हणजे ज्याने आपली सेना जपून ओकच्या बंद कपाटात ठेवली, त्यानेच तिला विष घातलं. अमेरिकी नौदलाच्या जहाजांच्या प्रदर्शनी प्रतिकृतींमधले शिशाचे नांगर आणि तोफा असेच भुकटी होत गेले. जर्मनीत ल्युबेकच्या सेंट जेकब चर्चमधल्या शतकं जुन्या ऑर्गन या वाद्याच्या शिशाच्या नळ्यांनाही हीच कीड लागली. तिथेही भोवतालच्या ओकच्या लाकडावर बोट ठेवलं गेलं. शिशात थोडं कथील जास्त असेल तर मात्र ते या वाफेला बरंच पुरून उरतं. बुटका वाचला तो बहुधा त्याच जोरावर.

काही जण या भुकटीला कथलाचा रोग समजतात. तो वेगळाच. शुद्ध कथील १३ अंशांखाली दीर्घकाळ राहिलं तर ठिसूळ, करड्या रूपात बदलू शकतं. शिसं मिसळलेल्या मिनिएचरला ते सहसा होत नाही.

आता उपचार. भुकटी कोरडी घासायची नाही, कारण ती उडते आणि श्वासातून पोटापर्यंत जाते. शिशाची सुरक्षित मात्रा अशी नाहीच, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या बाबतीत तर मुळीच गंमत नको. अमेरिकेत याच काळजीपोटी १९९० च्या दशकात राल पार्थासारख्या मिनिएचर कंपन्या शिशाशिवायच्या धातूकडे वळल्या. मी हातमोजे, मास्क आणि एक जुना टूथब्रश घेऊन वेगळ्या भांड्यात ओल्यानेच भुकटी काढली. स्वयंपाकघरातलं सिंक वापरलं नाही. संग्रहालयांत विजेच्या प्रवाहाने कार्बोनेटचं परत शिसं करतात, पण ते घरी करायचं काम नव्हे.

रंग उतरवायला ब्रिटिश शौकिनांचा लाडका उपाय म्हणजे आपलं घरोघरचं डेटॉल. त्यातलं पाइन तेल जुना रंग फुगवून सैल करतं. फक्त बाहेर काढल्यावर लगेच पाण्याखाली धरू नका. सुटलेला रंग आणि तेल मिळून असा चिकट गोळा होतो की ब्रश फेकून द्यावा लागतो. आधी पुन्हा डेटॉलमध्येच खंगाळायचं, पाणी शेवटी. अ‍ॅसिटोनही धातूला चालतं. पण त्याच बरणीत चुकून प्लॅस्टिकचा सैनिक टाकलात, तर त्याचं लिबलिबीत कडबोळं निघेल. आणि व्हिनेगरचं नाव काढू नका, ते का हे आता सांगायला नको.

तुटलेले हात नुसत्या सुपरग्लूने चिकटवले तर टिकत नाहीत. तो गोंद सरळ ओढ सहन करतो, आडवा धक्का नाही, आणि खेळात सैनिक पडतो तो नेमका आडवाच. म्हणून दोन्ही बाजूंना मिलिमीटरभराचं भोक पाडून मध्ये पितळी तारेचा तुकडा घालायचा, मग गोंद. कंटाळवाणं काम आहे, पण यातच मला सगळ्यात जास्त मजा आली.

सेना आता पत्र्याच्या कपाटात उभी आहे. ट्रोलचा पाय मात्र पुरता परत आला नाही. सफेदा काढल्यावर पोटरीत खड्डे उरले, ते मी इपॉक्सीच्या पुट्टीने अर्धेच भरले. मित्र म्हणाला, "राहू दे रे तसंच." आमच्या नियमांत इतर ट्रोल एका खेपेला सहा इंच चालतात. हा पाच.